कारंज्याला दोनदा

वाशीमला निघाले आहे म्हटल्यावर चिपळुणात मला तिघांनी विचारलं, "तिथे काय आहे?" मलाही नीट माहीत नव्हतं. एक मैत्रीण आहे, एवढं सांगून मी बॅग भरायला घेतली.

जानेवारीतच जाण्यामागे माझा स्वार्थ होता, तो आधीच सांगून टाकते. संक्रांत ते रथसप्तमी आमच्या सोसायटीत घरोघर हळदीकुंकवं असतात. तीन वर्षांपूर्वी माझे यजमान गेले, तेव्हापासून मला कोणी बोलावत नाही. कोणाच्या मनात वाईट नसतं. "काकूंना उगाच अवघड वाटेल," असं आपसात ठरतं, आणि मी आत बसून जिन्यावर जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या बांगड्या ऐकते. यंदा निदान संक्रांतीच्या दिवशी तरी ते ऐकायचं नाही असं ठरवलं.

मैत्रीण म्हणजे शकुंतला. आमच्या जुन्या सरकारी वसाहतीत सगळे तिला सिस्टर म्हणत, कारण ती दवाखान्यात नर्स होती. मी पोस्टात होते. अकरा वर्षं आमची भिंतीला भिंत. माझ्या धाकट्या लेकीला गोवर आला तेव्हा सिस्टर तीन रात्री आमच्या घरी बसल्या होत्या. निवृत्तीनंतर त्या आपल्या आईकडे वाशीमला परतल्या आणि दर वर्षी फोनवर "वैनी, एकदा याच" म्हणत राहिल्या.

त्या वसाहतीत मीही हळदीकुंकू करत असे. पंचवीसेक बायका यायच्या. सिस्टरना मात्र मी एकदाही बोलावलं नाही. त्या बौद्ध, त्यांच्यात हे चालत नाही, मग त्यांना अवघडात कशाला टाका, असा माझा विचार. दुसऱ्या दिवशी तिळगुळाचा डबा न चुकता पाठवायची आणि स्वतःवर खूश असायची. हे लिहिताना आता हात अडखळतो. तेव्हा अजिबात अडखळला नव्हता.

शनिवार, वाशीम

कोकणातल्या माणसाला इथे आल्यावर पहिल्यांदा डोळ्यांचं काय करावं ते कळत नाही. आमच्याकडे चार पावलांवर डोंगर, नाही तर माडांची रांग नजर अडवते. इथे काळी जमीन दिसेल तिथपर्यंत सरळ गेलेली. हरभरा हिरवागार, तुरी सोंगायला आलेल्या, आणि मधूनच एखादं कडुनिंबाचं झाड. सकाळी थंडीही अशी, की मी दोन स्वेटर चढवले. सिस्टरच्या आईनं मला पाहून विचारलं, "काश्मीरले चालली काय वं बाई?"

या आईंचं वय चौऱ्याऐंशी. सगळे त्यांना माय म्हणतात. कान तीक्ष्ण, गुडघे गेलेले, आणि समोर कोणीही असो, त्याला तू. घर दोन खोल्यांचं. ओट्याला निळा रंग, आत बुद्धाची छोटी मूर्ती आणि शेजारी निळ्या कोटातली ती तसबीर. न्याहारीला ज्वारीची गरम भाकर आणि तुरीच्या हिरव्या दाण्यांची आमटी होती. मी भातखाऊ बाई, पण दोन भाकऱ्या खाल्ल्या. मायनं तिसरी न विचारता टाकली.

"वैनी भात खाते ना," सिस्टर म्हणाल्या.

"खाऊ दे घरी जाऊन," माय म्हणाली.

गाव पाहायला आम्ही पायीच निघालो. वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. दीड हजार वर्षांपूर्वी वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. आता राजधानीचं काही पाहावं म्हटलं, तर दाखवायला कोणाकडे काही नाही. राजवाडा कुठे होता असं मी एका पानवाल्याला विचारलं, तर त्यानं मला तहसील कचेरीचा रस्ता सांगितला.

"अजिंठ्याची लई लेनी इथल्याच राजाच्या राज्यात कोरली," सिस्टर चालता चालता म्हणाल्या. "वाचलं मी. इथं काई नाही राह्यलं, पन तिकडं राह्यलं. मले बरं वाटते."

बालाजीचं देऊळ मात्र ठसठशीत आहे. भोसल्यांच्या काळात त्यांच्या एका दिवाणानं बांधलं. धामधुमीत मूर्ती जमिनीत पुरून ठेवल्या होत्या आणि पुढे त्या सापडल्या, असं सांगतात. दाराशी मी चपला काढल्या, त्या सिस्टरच्या पायाशी सरकवल्या, पिशवी त्यांच्या हातात दिली आणि आत गेले. त्या पायरीवर बसल्या. पद्मतीर्थ या मोठ्या चौकोनी तळ्यावरही तेच झालं. तळ्याच्या मधोमध महादेवाचं देऊळ आहे. मी दर्शन घेऊन आले, त्या काठावर माझ्या चपलांशेजारी बसलेल्या. मला ते सोयीचं वाटलं. चपलांची काळजी नाही, पिशवीची नाही. दर्शनाला जाताना असा सोबती मिळायला नशीब लागतं, असंसुद्धा माझ्या मनात आलं.

रविवार, कारंजा

कारंज्याला जाणं ही माझी जुनी इच्छा. दत्तसंप्रदायातल्या एका थोर गुरूंचं हे जन्मस्थान. आमच्या घरी यजमान दर गुरुवारी पोथी वाचत, तिच्यात कारंज्याचं नाव आलं की मला म्हणत, "एकदा जाऊ." ते गेले, कारंजा राहिलं. वाशीमहून सकाळची एसटी धरली. वाटेत मंगरूळपीर, मग पुन्हा तीच सपाट काळी रानं. खिडकीतून येणारा वारा सुरीसारखा होता, आणि खिडकी काही बंद होत नव्हती. कंडक्टर म्हणाला, "ते मागच्या वर्षीपासून अशीच हाये मावशी," आणि पुढच्या सीटकडे गेला.

कारंजा हे एके काळी तटबंदीचं, व्यापाराचं गाव. आता तट गेला आणि वेशी राहिल्या. दारव्ह्याकडची वेस, मंगरूळकडची वेस, दिल्लीच्या नावाची वेस. भरभक्कम दगडी कमानीखालून रिक्षा, म्हशी आणि शाळेच्या सायकली एकाच वेळी शिरतात. वेशीतून आत गेलं की गल्ल्या अरुंद होतात.

गुरुमंदिरात मी दोन तास होते. यजमानांची आठवण येऊन रडलेसुद्धा, ते लपवत नाही. सिस्टर समोरच्या ओट्यावर पिशव्या घेऊन बसल्या होत्या. मी बाहेर आले तेव्हा त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

मग म्हणाल्या, "चाला, आता तुमाले लाकडाचं काम दावतो." त्यांच्याकडे बायकाही "जातो, येतो" म्हणतात. पहिले दोन दिवस ऐकायला गंमत वाटते, मग आपणही तसंच बोलायला लागतो.

त्या मला गल्लीबोळांतून एका जुन्या जैन मंदिराशी घेऊन गेल्या. रस्ता कोणाला विचारावा लागला नाही. आज मला कळतं, की माझ्यासाठी काढलेल्या त्या दिवसात ही एकच जागा त्यांची होती. दाराशी एक म्हातारे गृहस्थ खुर्चीवर बसले होते. म्हणाले, "चामड्याचं काई आत नेऊ नका. अन् लवकर पाहून घ्या, दार लावाची येळ झाली."

मी पर्स, पट्ट्याचं घड्याळ आणि पिशवी काढून सिस्टरच्या हातात कोंबली आणि त्या गृहस्थांना सांगितलं, "ह्या बाहेरच बसतील. ह्यांच्यात चालत नाही."

सिस्टरनी पिशवी खांद्याला लावली.

आत सागवानी खांब, खांबांवर वेलबुट्टी, मोर आणि हत्ती. काम इतकं बारीक, की लाकडाला सुई लावली की काय असं वाटावं. मी खांब पाहूनच हरखून गेले. दहा-पंधरा मिनिटांत बाहेर आले आणि गृहस्थांनी माझ्या मागे दार ओढलं. सिस्टरनी माझ्या खांद्यावरून एकदा त्या दाराकडे पाहिलं.

"कसं हाये?"

"सुरेख. तुम्ही पाहायला हवं होतं," मी म्हटलं. काय बोलतोय याचं भान नसलं की माणूस असं बोलतो.

"वरते, छताले, मानसं हायेत काय? वाजंत्री वाजवनारे?"

"असतील. मी वर पाहिलं नाही."

त्या "बरं" म्हणाल्या आणि आम्ही बसस्टँडकडे निघालो.

परतीला मंगरूळपीरला उतरलो. तिथला दर्गा जुना आहे आणि सगळ्या जातीधर्मांची माणसं तिथे येतात. माझं मलाच कळेना, जावं की नाही. मी दाराशी घुटमळत होते तेवढ्यात सिस्टरनी डोक्यावर पदर घेतला, चपला काढल्या आणि सरळ आत गेल्या. हात जोडले नाहीत, फूल वाहिलं नाही. एका कोपऱ्यात उभ्या राहून भोवतीची गर्दी पाहत राहिल्या. मी मागोमाग गेले.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तुम्हाला हे चालतं होय?"

"काहून नाही चालनार? पाहाले काय झालं?"

"मग कालपासून देवळांबाहेर बसताय ते?"

त्यांनी चप्पल पायात सरकवली. "बालाजीच्या देवळात मले जाचंच नव्हतं. ते माह्यं ठरेल हाये. पन बाकीच्या ठिकानी तुमीच ठरवून राह्यल्या ना वैनी. मले काय चालते अन् काय नाही, एकदा मले इचारून पाहा."

रागानं म्हणाल्या नाहीत. पेशंटला पथ्य सांगावं तसं सांगितलं. पुढे एसटीत आम्ही संत्री सोलून खाल्ली आणि हवापाण्याच्या गप्पा मारल्या, पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

खरा घाव घरी बसायचा होता. आम्ही पाय धुऊन आत आलो तर माय खाटेवर उठून बसलेली. "पाह्यलं काय वं शकू?"

"बंद झालतं, माय," सिस्टर म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

"पुन्हा बंद?" माय माझ्याकडे वळली. "इचा बाप तिथं मजुरीले व्हता. ही पोटात असन तवा. देवळाचं लाकूड दुरुस्त करून राह्यले व्हते. सागाचे ओंडके हा खांद्यावर घेऊन दारापर्यंत न्यायचा. तिथून आत सुतार. सुतार चहा प्याले बाहेर आले का सांगायचे, वरते छताले मानसं हायेत लाकडाची, आठ, ढोल वाजोते, नाचते. तो पोरींले सांगायचा. जसं काई यानंच कोरलं."

"ते कधी आत गेले नाहीत?" मी विचारलं.

"नाई. यानं इचारलं नाई, अन् कोनी बलावलं नाई." मायनं पायावरची गोधडी ओढून घेतली. "मेला तवा पन छताचीच गोष्ट सांगे."

आत कप वाजत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यासाठी त्या दोन दिवस चपला राखत होत्या, आणि त्यांची स्वतःची जी एक गोष्ट होती, तिच्या दाराशी मी उभी राहून त्यांच्या वतीनं नाही म्हणाले होते.

सोमवार, पुन्हा कारंजा

सोमवारी शिरपूरला जायचं ठरलं होतं. तिथल्या जैन मंदिरातली मूर्ती जमिनीला टेकलेली नाही अशी ख्याती आहे, आणि मला ती पाहायची होती. सकाळी भाकर खाताना मी म्हटलं, "शिरपूर राहू दे. कारंज्याला जाऊ."

"काल तर झालं तुमचं."

"माझं झालं. तुम्हाला यायचं आहे का?"

सिस्टरनी मायकडे पाहिलं. माय ताटातलं लोणचं निवडत होती. "पयली एसटी साडेसातची हाये," ती म्हणाली.

तीच एसटी, आणि खिडकीही तीच न लागणारी. या वेळी मी स्वेटरवर शाल घेतली होती. देवळाशी तेच गृहस्थ खुर्चीत. मला ओळखून म्हणाले, "काल आल्या व्हत्या ना तुमी?" माझं तोंड सवयीनं उघडलं. ते मी मिटलं आणि सिस्टरकडे वळून विचारलं, "आत येता?"

"येतो," त्या म्हणाल्या. मग गृहस्थांना म्हणाल्या, "मी हात नाही जोडत. पाहाले आली. चालन काय?"

"पाहा ना बाप्पा. पाहाले कोन नाई म्हनते," गृहस्थ म्हणाले.

एवढं सोपं होतं. पर्सा त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवल्या आणि दोघी आत गेलो.

सिस्टर खांबांकडे पाहतच नव्हत्या. मंडपाच्या मधोमध उभ्या राहिल्या, हात पाठीमागे बांधले आणि मान वर केली. वरच्या तुळयांना तोलून धरलेली लाकडी माणसं होती, हातभर उंचीची. कोणाच्या गळ्यात ढोल, कोणाच्या हातात झांजा, एक बाई एका पायावर नाचणारी. सिस्टर बोटानं मोजत एक फेरी फिरल्या. मग उलट्या दिशेनं पुन्हा मोजलं.

"बाबा आठ म्हनत," त्या म्हणाल्या. "नऊ हायेत."

नववं माणूस अगदी कोपऱ्यात, खांबाआड होतं. त्याचा एक हात तुटला होता आणि दुसऱ्या हातात सनई होती. सिस्टर त्याच्याखाली बराच वेळ उभ्या राहिल्या. मी बाजूला झाले. त्या रडत आहेत की नाही ते मी पाहिलं नाही. ते पाहणं माझं काम नव्हतं.

बाहेर आल्यावर बसस्टँडवर गरम भजी खाल्ली. सिस्टरनी दोन प्लेट मागवल्या आणि पहिल्यांदा त्यांनी माझी पिशवी धरली नाही.

घरी येऊन त्या मायच्या खाटेवर बसल्या. "नऊ हायेत, माय."

"त्या सुतारानं आठच सांगतले व्हते," माय म्हणाली. मग विचारलं, "नववा काय वाजोते?"

"सनई."

माय मान हलवत राहिली. त्या दिवशी जेवताना ती मला तिसरी भाकर वाढायला विसरली.

त्या दिवशी पौर्णिमा होती. दिवेलागणीला गल्लीतल्या बायका पांढरी लुगडी-साड्या नेसून विहाराकडे निघाल्या. सिस्टर दारात उभ्या राहून म्हणाल्या, "विहारात वंदना हाये, मंग खीर. येता काय वैनी? का तुमच्यात चालत नाही?"

हसत होत्या, पण विचारलं होतं. जिथे बायका जमतात तिथे तीन वर्षांत मला कोणी "येता का" विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "येते." वंदना मला येत नव्हती, मी गप्प बसले. बायकांनी सरकून जागा दिली. खीर दाट होती, आमच्यासारखी वेलची नव्हती तिच्यात. एकीनं मला वाटी पुन्हा भरून दिली आणि विचारलं, "तुमच्या इकडं मच्छी रोज खातेत म्हन्ते, खरं काय?" मग तासभर मी मासे सांगत बसले.

मंगळवार, निघताना

संक्रांतीच्या सकाळी सिस्टर मला स्टेशनवर सोडायला आल्या. गाडीला वेळ होता. बाकावर बसलो, मायनं बांधून दिलेली भाकर-चटणी मांडीवर. बोलायचं ते बोलल्याशिवाय गाडीत बसायचं नाही असं मी रात्रीच ठरवलं होतं.

"सिस्टर," मी म्हटलं, "अकरा वर्षं मी तुम्हाला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. चुकलं माझं."

त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "मले आठवते. भिंतीपलीकडं आवाज येत जाय बायांचा. मी रेडिओ लावत जाय."

मला जिन्यावरच्या बांगड्या आठवल्या. "विचारलं असतं तर आला असतात?"

"नाही," त्या लगेच म्हणाल्या. "हयदीकुकू नाही लावत मी."

"मग?"

"मंग काय. पन ते 'नाही' मी म्हनली असती ना, वैनी. तुमी माह्यं 'नाही' बी तुमच्याचकडं ठेवून घेतलं."

गाडी आली. त्यांनी बॅग आत चढवून दिली आणि खिडकीशी उभ्या राहिल्या. मी तिळगुळाचा डबा आणला होता, तीन दिवस बॅगेतच पडला होता. काढला आणि विचारलं, "घेता का?"

"तिळगूळ काहून नाही घेनार? दर साली तर खाल्ला," त्या म्हणाल्या आणि डबा घेतला.

चिपळूणला पोचले तेव्हा सोसायटीतली हळदीकुंकवं नुकतीच सुरू झाली होती. दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातली सून जिन्यात भेटली. मला पाहून तिनं हातातलं वाणाचं ताट पदराखाली घेतलं. चांगली मुलगी आहे, मला वाईट वाटू नये म्हणून घेतलं. मी तिला थांबवलं आणि म्हटलं, "अगं, मला बोलावत जा. यायचं की नाही ते मी बघेन."

ती गोरीमोरी झाली. पण संध्याकाळी दारावर आली. "काकू, येता का?"

मी नाही म्हटलं. प्रवासानं कंबर धरली होती.